खिशातल्या अवजाराला तेल नाही

शर्टांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सगळ्या शिलाईवाल्या पक्कडकाका म्हणत. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात एक घडीची पक्कड कायम असे. मिटलेली असली की मूठभर लोखंड. उघडली की मधोमध पक्कड आणि दोन्ही मुठींच्या पोटात दडलेली पाती: सुरी, पेचकस, टोच्या, डबा फोडायचा कटर. आता असली कुणी बनवत नाही, असं काका विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या उस्तादांनी ती त्यांना दिली होती, आणि तेव्हाही ती जुनीच होती.

बसची खिडकी अडली की काका पुढे. जिन्यातल्या दिव्याच्या बटणाचा सैल स्क्रू, कटिंग मास्तरांच्या चष्म्याची दांडी, सगळं त्या एका खिशातून निस्तरलं जाई. कटरने त्यांनी डबा असा एकही फोडला नव्हता. त्याच्या वाकड्या टोकाने ते मशीनच्या दातांत अडकलेला धाग्याचा गुंता उपसत.

"अहो, निघताना मला विसराल, पण खिसा चाचपायला विसरायचे नाही तुम्ही," बायको म्हणे.

"तू खिशात मावत नाहीस, त्याला मी काय करू?"

उस्तादांचा एक नियम काकांनी देवाच्या शब्दासारखा पाळला होता: खिशातल्या अवजाराला तेल नाही. पांढऱ्या शर्टावर तेलाचा एक डाग पडला की शर्ट बाद, आणि हे अवजार तर सतत कापडात फिरणारं. मशीनला तेल, पक्कडीला फक्त कोरडं फडकं. त्यामुळे तिची पाती नव्या नवरीसारखी अडून बसत. इतकी वर्षं काकांचा अंगठा त्यांना पुरून उरला. मग अंगठाच आखडायला लागला.

कारखान्याच्या सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. त्या प्रेमानेच म्हणत, "काका, आता स्टोअरमध्ये बसा, आराम करा." काकांना आराम हा शब्द शिवीसारखा लागे. सुया आणि बॉबिन वाटत खुर्चीवर बसायचं, आणि मशीनच्या रांगेतून दुसरंच कुणी हिंडणार! म्हणून अंगठ्याची गोष्ट त्यांनी कारखान्यात कुणाला कळू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एके दिवशी रांगेतलं मशीन अडलं आणि पेचकस काही केल्या बाहेर येईना. सगळ्याजणी बघत होत्या. "मशीन तापलंय, जरा गार होऊ दे," काका ऐटीत म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! मोरीत जाऊन त्यांनी ते पातं दाताने ओढलं. पातं आलं, दाताचा टवकाही आला.

"दाताला काय झालं?" बायकोने घरी विचारलं.

"खडा लागला."

बायको लग्नाआधी त्याच कारखान्यात बटणांच्या टेबलावर होती. पक्कडीचं घट्ट पातं आणि दाताचा उडालेला टवका दोन्ही तिने पाहिलं आणि ती भांडी घासायला गेली.

आणि काय आश्चर्य, दोनचार दिवसांत पाती सहज उघडायला लागली! डॉक्टरांनी काकांना दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. काकांनी सगळं श्रेय चेंडूला दिलं. बसमध्ये ते तो दाबत, शेजारच्यालाही दाबायला देत. "अंगठा असा तयार झालाय म्हणून सांगू!" ते घरी फुशारकी मारत. "दिसतंय ना," बायको गंभीर चेहऱ्याने म्हणे.

पुढे बायकोच्या बहिणीचा पाय मोडला आणि बायको तिच्याकडे राहायला गेली. काका चेंडू दाबतच होते, उलट जास्तच. पण पाती दिवसेंदिवस घट्ट होत गेली, आणि ऐन घाईच्या ऑर्डरीत, सुपरवायझर बाई शेजारी उभ्या असताना, पेचकस पुन्हा रुसला.

काका पक्कड घेऊन खिडकीच्या उजेडात गेले. सांध्याच्या फटीत काहीतरी पांढुरकं होतं. नखाने खरवडलं, बोटांत चोळलं. मेण. बटणांच्या दोऱ्याला लावतात ते. तेलाला बंदी होती, मेणाला कुणी केली होती? रोज सकाळी आपण अंघोळीला जातो तेव्हा पक्कड टेबलावर असते, हे त्यांना आता आठवलं. त्यांना आधी लाज वाटली. मग बायकोची फार आठवण आली.

ते सरळ बटणांच्या टेबलाकडे गेले. "जरा मेण द्या गं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा अंगठा चालत नाही. बाकी सगळं चालतं."

सांध्याला मेण चोळून त्यांनी दोन्ही हातांनी पेचकस ओढला आणि मशीन सुरू करून दिलं. बाईंनी आधी काकांकडे पाहिलं, मग धावत्या सुईकडे. "मशीन चालतंय ना? मग झालं तर," म्हणाल्या आणि पुढच्या रांगेकडे गेल्या. त्या दिवशी मात्र पाती पुन्हा पुन्हा अडत राहिली. मेण नीट बसलं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी बायकोला फोन लावला. मेव्हणीच्या पायाची चौकशी झाली, "जेवलात का?" विचारून झालं. मग काकांनी खाकरून विचारलं, "अगं, ते मेण कुठे असतं?"

कसलं मेण, असं तिने विचारलं नाही.

"कपाटात, बटणांच्या डब्यात," ती म्हणाली. "पक्कड आधी इस्त्रीवर जरा शेकून घ्या, मग चोळा. थंड लोखंडावर बसत नाही ते. आणि अहो, मी येईपर्यंत दात लावू नका."