दोन पंख, एक माणूस

दुपारच्या सुट्टीत विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत मी बाकावर जरा आडवी झालेय. डोळा लागतोय न लागतोय तोच कूलरची घरघर इंजिनाची होते.

जिवाला घोर आहे तो सुट्टीनंतरच्या विमानाचा. विमान मागे ढकलताना दोन्ही पंखांच्या टोकांशी, पंख कुठे धडकू नये म्हणून, एकेक माणूस चालायला हवा. आज एकटा वानखडेच आहे. साहेबांनी फोनवर सांगितलं, भागवून घे. हेडसेट माझ्या कानावर, म्हणजे वैमानिकाला 'चला' म्हणणारी मीच. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की व्हायचीय, साहेबांच्या वाकड्यात शिरायची सोय नाही.

कूलरमागून ढोणेकाका येतात. त्यांना जाऊन वर्ष झालं. असंच विमान ढकलताना एकटेच दोन्ही बाजू बघत होते, या पंखाकडून त्या पंखाकडे विमानाच्या पोटाखालून पळताना चाकाखाली आले. आता माझी चौकशी करतात, डबा खाल्ला का विचारतात.

आम्ही त्यांच्या अंगणात आहोत. अंगणातून विमानाच्या वाटेची पिवळी रेघ गेलीय आणि काकू तिच्यावरच मुगवड्या घालतायत. उठा म्हणायचंय, पण माझी दातखीळ बसलीय. विमान गल्लीतून मागे मागे येतंय. काका या टोकाला दिसतात, मग त्या टोकाला. मग दिसतच नाहीत.

"काका, एका जागी थांबा ना."

"थांबलो तं तिकडं कोन पाहील?" ते धापा टाकत विमानाखालून बाहेर येतात.

मला रडू येतं आणि संतापही. मेल्यावरसुद्धा या माणसाला पळायला लावायचं?

"तूच काहून नाही थांबवत, पोरी? हेडसेट तं तुह्या कानावर हाये."

मी हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली करते. आमच्यात याचा अर्थ एकच, थांबा. विमान थांबत नाही. मी मनगटं आणखी जोरात दाबते.

जाग येते तेव्हा हात डोक्यावरच आहेत, पार बधिर झालेले. डाव्या मनगटावर उजव्या हातातल्या कड्याचा लालभडक वळ उठलाय. वानखडे दारातून सांगतोय, चल, विमान लागलं. एक बाजू बघून दुसरीकडे पळत जाईन, तू टेन्शन घेऊ नको.

मी साहेबांना फोन लावते. दुसरा माणूस आल्याशिवाय विमान हलवणार नाही, म्हणते.

पलीकडून साहेब विचारतात, "हे तुला कोणी सांगितलं?"

वळ ठणकतोय.

"मी सांगतेय, साहेब."