कड्यांचे मैदान

"अर्नी साल्मेला रविवारभर धातू शोधायचं यंत्र घेऊन मैदानात राबतो आणि घरी डब्यांच्या कड्या आणतो," असे शेजारी हसून म्हणत. खाणगावातल्या त्या सहलीच्या मैदानात पन्नास वर्षांतल्या, बिअरचे डबे ओढून उघडायच्या कड्या रुतल्या होत्या. तिथेच गावातल्या म्हाताऱ्या लेम्पीची लग्नातली सोन्याची अंगठी पडली, आणि दुपारी बुलडोझर ती माती उचलणार होता.

सकाळी तिच्या जावयाने, वेसने, आपले तसलेच यंत्र कड्यांवर वाजू नये असे लावून सगळे मैदान पालथे घातले. यंत्र एकदाही वाजले नाही. मग अर्नी आला. त्याने आपल्या यंत्राला जमिनीवरून फिरवायची लहान तबकडी बसवली, यंत्राचा जोर कमी केला, पण एकही आवाज गाळला नाही. पावलापावलाला यंत्र किंचाळे आणि तो गुडघे टेकून खणे. एकेचाळीस कड्या निघाल्या. बुलडोझर घरघरू लागला. लेम्पीने डोळे मिटून घेतले.

"अर्नीकाका, पुरे आता! कचराच वेचत बसणार का?" वेस ओरडला.

पुढच्या खड्ड्यातली अंगठी अर्नीने लेम्पीच्या ओंजळीत टाकली आणि वळून म्हणाला, "जावईबापू, यंत्राला कडी आणि अंगठी सारखीच ऐकू येते. तुम्ही कचऱ्याचं तोंड बांधलंत, तेव्हाच अंगठीचंही बांधलंत."