सेनोबियाच्या दारावरचा स्टिकर

आतलिश्को गावच्या त्या गल्लीत दोन्या सेनोबियाला, म्हणजे सेनोबियाबाईला, गंडवणं सोपं नव्हतं. मक्याच्या भाकऱ्या घेताना ती वरची चळत उचलून खालच्या शिळ्या तर नाहीत ना, हे बघायची. पाद्री प्रवचनात जरा थांबला, की हा नेमकं कुणाबद्दल बोलतोय म्हणून मागे वळून बघायची. बाईचा स्वभावच संशयी, त्याला कोण काय करणार?

व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्या विकून तिचं घर चालायचं. त्यासाठी ती घरोघरच्या रिकाम्या बरण्या गोळा करी आणि त्यांची लेबलं काढी. लेबल काढावं तर तिनेच! कागद सोलायचा, उरलेल्या गोंदावर खायचं तेल आणि सोडा कालवून थापायचा, वर कागद दाबून ठेवायचा आणि मग अंगठ्याने गोल गोल चोळायचं. पातं लावलं तर काचेवर ओरखडे उठतात, म्हणून पात्याला तिच्या घरात थारा नव्हता.

त्या सोमवारी ती स्वतःच्याच दारापाशी थबकली. दाराच्या काचेवर बाहेरून स्टिकर होता. वर ग्वादालुपेच्या मातेचं चित्र आणि खाली ठळक ओळी : हे घर कॅथलिक आहे, इतर पंथांच्या प्रचारकांनी दार वाजवू नये. काही वर्षांपूर्वी तिची मुलगी एर्लिंदा लग्न करून त्या 'आलेलुया' मंडळींत, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेली, त्याच आठवड्यात सेनोबियाने तो रागारागाने चिकटवला होता. आता खालच्या ओळीतले शेवटचे शब्द गायब होते.

शेजारची एस्तेर आलेलुयांपैकीच. सेनोबिया तडक तिच्या फाटकापाशी गेली.

"काय गं एस्तेर, हात फार शिवशिवतायत वाटतं हल्ली?"

"कशाबद्दल बोलताय, दोन्या सेनोबिया?"

"माझ्या दाराबद्दल. मी चर्चमध्ये मिसाला गेले की डाव साधतेस होय?"

"मला काय वेड लागलंय?" एस्तेर कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "आणि आमच्यातल्या कुणी काढायचं म्हटलं, तर आधी ते मातेचं चित्र खरवडलं असतं; आम्ही चित्रं-मूर्ती मानत नाही. तुमचं चित्र तर जागच्या जागी आहे."

खरंच की. माता शाबूत होती. सेनोबिया परत आली, काचेला नाक लावलं. तेलाचा वास. एक ओरखडा नाही. ही रीत तिची स्वतःची होती आणि ती ठाऊक होती नवऱ्याला, आबुंदिओला. पण तो म्हातारा तर तिला विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवत नसे. आणि ठाऊक होती एर्लिंदाला. लहानपणापासून बरण्या चोळत बसायची पोर.

म्हणजे ती येते तर. गुपचूप. येऊ दे, चांगली खडसावते, असं ती मनाशी म्हणाली आणि शनिवारी एर्लिंदाला आवडतो तसा दालचिनी घातलेला दूधभात करून बसली.

रविवारी ती मिसाला म्हणून निघाली, मागच्या बोळातून परतली आणि पडद्याआड उभी राहिली. थोड्या वेळाने काचेपलीकडे सावली हलली. तिने खाडकन दार उघडलं.

तेलाने माखलेला कागद हातात धरून आबुंदिओ उभा होता.

"म्हाताऱ्या, तू?"

त्याने कागद पाठीमागे नेला. मग लपवायचं सोडून दिलं.

"मातेला हात लावला नाही मी."

"बाकीचं का काढतोयस?"

"एर्लिंदा आली होती. ईस्टरच्या आधी, आपल्या पोरीला घेऊन." तो खाली बघत बोलत होता. "पोरीने ते मोठ्याने वाचलं. एकेक अक्षर लावून. मग आईला विचारलं, हे आपल्याला म्हटलंय का? एर्लिंदाने तिचा हात धरला आणि गेली."

"तुला कसं कळलं?"

"दाराच्या आत उभा होतो."

"मग उघडलं का नाहीस?"

"तू स्वयंपाकघरात होतीस," आबुंदिओ म्हणाला.

सेनोबिया आत गेली. म्हाताऱ्याला वाटलं, आता झाडू येतो. ती गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन आली, त्याला बाजूला सारलं आणि उरलेल्या ओळींवर फडकं दाबून धरलं. उन्हाने गोंद कडक झाला होता.

ती अंगठ्याने गोल गोल चोळत राहिली.

"वाचता येतं तिला?" मान वर न करता तिने विचारलं.