पूर उतरेपर्यंत

उमा नदीचा पूर मी मूल गावच्या राईस मिलमध्ये धानाच्या पोत्यांना टेकून पाहिला, आणि तोही भर हिवाळ्यात.

पूर खरा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एम.टेक.साठी मी तो कॉम्प्युटरवर आणत होते. नदीचे आणि काठच्या शेतांचे छोटे चौकोन पाडायचे आणि पाणी शेजारच्या चौकोनात किती गेलं ते टप्प्याटप्प्यानं काढायचं. यात घाई चालत नाही. एका टप्प्यात लाट एका चौकोनापलीकडे गेली की सगळं गणित फुगून फुटतं. म्हणून टप्पे बारीक ठेवायचे, म्हणून अख्खा दिवस लागायचा. आणि आमच्याकडे वीज अख्खा दिवस राहिली तर शपथ! ती गेली की पूर पुन्हा पहिल्या थेंबापासून. सोमवारी प्रबंध दिला नाही तर कॉलेजातली नोकरी गेलीच म्हणून समजा. मी रडकुंडीला आले होते.

घरासमोरच्या मिलवाल्या भाऊंनी विचारलं, "काऊन वं, तोंड उतरवून बसली?" सगळं ऐकून म्हणाले, "आण तुही मशीन मिलवर. डिझेलचं इंजन हाये ना आपलं, वीजबी देते."

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर हातगाडीवरून मिलमध्ये गेला. कोंडा बसू नये म्हणून भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यावर आपली ओढणी पांघरली. मशीन तापेल म्हणून मी ती हळूच काढली.

दुपारी नमाजची वेळ झाली. शुक्रवारच्या नमाजला मिल बंद, इंजनसकट, हा भाऊंच्या वडिलांपासूनचा नेम. पडद्यावर पाणी तर अजून चढतच होतं. भाऊंनी मिल थांबवली, हातपाय धुतले, टोपी घातली. मी तोंड उघडायच्या आत ते भाभींना म्हणाले, "तू बस इथी. इंजन बंद नाई करायचं. पोरीचं पाणी मधातच थांबलं तं उतरन कसं?"

मिल गप्प, आणि माझ्या खोट्या पुरासाठी इंजन डिझेल पीत होतं. सख्ख्या माणसांनीही माझ्या गणितावर इतका विश्वास ठेवला नव्हता.

नमाजहून परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "उतरलं का पाणी?"

"उतरून राह्यलं, भाऊ."

ते पोत्यावर बसले. निळे चौकोन एकेक करून पांढरे होताना आम्ही तिघं बघत राहिलो. पुढे पदवी मिळाली, नोकरी टिकली. तिचं मीठ मी आजही खाते. पण आठवतं ते एवढंच. शेवटचं शेत कोरडं झालं, भाऊ उठले, इंजनाजवळ गेले आणि वळून त्यांनी मला विचारलं, "करू का आता बंद?"