भिंगसाहेबांची पडताळणी

भिंगसाहेबांचा जन्मापासूनच कुणावर विश्वास नव्हता, असं त्यांची धाकटी बहीण सांगते. त्या वेळी ती स्वतः जन्मलेली नव्हती, तरी ऐकणाऱ्यांना ते लगेच पटतं. साहेबांचा धंदा हिशेब तपासण्याचा. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत पक्षकारांसाठी लाकडी बाक, मागच्या खोलीत बहीण आणि तिचा कॉम्प्युटर. कागद तपासताना साहेब डोळ्याशी भिंग धरत, म्हणून हे नाव पडलं. पण नुसत्या कागदांवर त्यांचं भागत नसे. एकदा दाढ काढायला गेले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्यांनी डॉक्टरच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्राला भिंग लावलं होतं. डॉक्टरने दाढ काढली, पण जरा मन लावून काढली.

यंदा बहिणीची मान धरली. सगळी आकडेमोड कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याच गळ्यात होतं, आणि आता तो गळाच वळेना. तिने भावाला शांतपणे सांगितलं, "दादा, महिनाअखेर मदतीला माणूस आलं नाही तर मी लेकीकडे जाते. राहायला." आणि साहेबांना पोकळ धमकी वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सुटकेस आणून त्यांच्याच टेबलाखाली ठेवली. पाय पसरले की अंगठा तिच्यावर आपटायचा. बहिणीशिवाय हे ऑफिस आठवडाभरही चालणार नाही, हे साहेबांना त्या अंगठ्यापर्यंत ठाऊक होतं.

गावातलं कुणी यायला तयार नव्हतं, कारण गावातले सगळे त्यांना ओळखत होते. मग बहिणीनेच तोडगा काढला: लांबच्या गावचं, घरी बसून काम करणारं माणूस कंत्राटावर घ्यायचं. ज्याने साहेबांचं नाव ऐकलेलं नाही असं.

मुलाखती पडद्यावर सुरू झाल्या. पहिल्या उमेदवाराच्या मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट होतं, पण मान हलवली की त्याचा अर्धा कान कपाटात जायचा. ज्याची भिंत खोटी त्याचा ताळेबंद काय खरा असणार, असं म्हणून साहेबांनी त्याला तिथेच कटवलं. दुसरा प्रत्येक प्रश्नाला "काळजीच करू नका" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा साहेबांना घाम फुटला.

तिसरी एक हिशेबनीस बाई होती. नमुन्याचं काम तिने चोख करून पाठवलं. एकच रकाना रिकामा ठेवून शेजारी लिहिलं होतं: बिल पाहिल्याशिवाय भरणार नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांना संशय आला. घरात कोण कोण असतं, कॉम्प्युटरला कोण हात लावतं, खोलीला कडी आहे का, असली उलटतपासणी त्यांनी सुरू केली. बाईने कॅमेरा उचलून कडी दाखवली, कपाटाचं कुलूप दाखवलं, कोपऱ्यात घोरणाऱ्या सासूबाईही दाखवल्या.

मग कॅमेरा जागेवर ठेवून म्हणाली, "आता माझं एक. तुमच्याकडे काम करून सोडून गेलेल्या कुणाशी तरी मला बोलायचंय."

"तपासणी तुमची चाललीय की माझी?"

"दोघांची. इतक्या लांबून तुम्ही तरी मला कुठे दिसताय?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून बहिणीने एक फोन नंबर पाठ म्हणून दाखवला.

तो नंबर फितुराचा होता. हे नाव साहेबांनी ठेवलेलं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढून त्याने शेजारच्या गल्लीत स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आले की एक जण आभाळ बघायचा आणि दुसरा गटार. कारण झालं होतं असं, की एके दिवशी ऑफिसचा शिक्का सापडेना. संध्याकाळी हा घरी निघाला, तेव्हा बाकावर पक्षकार बसलेले असताना साहेबांनी त्याला दारात अडवलं आणि म्हणाले, पिशवी दाखव. त्याने दाखवली. दुसऱ्या दिवशी शिक्का साहेबांच्याच कपाटात, त्यांनीच तो "सुरक्षित" ठेवलेल्या जागी मिळाला. हा मात्र परत आला नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी बाई पुन्हा पडद्यावर आली. "बोलले मी त्यांच्याशी. तुमच्याविषयी बरं-वाईट काहीच सांगेनात. एवढंच म्हणाले, पिशवीत काय निघालं ते साहेबांना विचारा."

मागच्या खोलीतली टकटक थांबली.

"काही नाही निघालं," साहेब म्हणाले.

"रिकामी पिशवी घेऊन कोण कामाला येतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "डबा होता. रिकामा. आणि लहान मुलाचा एक बूट, पट्टा तुटलेला. शिवायला न्यायचा असणार."

"हे बाकावरच्या लोकांना सांगितलंत?"

साहेबांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. जरा जोरातच. बहीण बाहेर आली. टेबलाखालची सुटकेस ओढून तिने दारापाशी उभी केली आणि पुन्हा कामाला बसली.

साहेबांनी न उघडलेला डबा परत पिशवीत कोंबला आणि जिना उतरले.

फितुराच्या पुढच्या खोलीत बाक होता आणि त्यावर दोघं. त्यातला वखारवाला त्या दिवशी साहेबांच्या बाकावरही होता. आता त्याचे हिशेब इथे होत.

"वेळ घेतलीय?" फितुराने विचारलं.

"नाही."

"मग बसा नंबराने."

भिंगसाहेब बाकावर बसले. वखारवाला उगाचच लांब सरकला. दोघांची कामं फितुराने सावकाश, प्रत्येक कागद दोनदा वाचून केली. कामं झाली तरी जायला मात्र कुणी उठेना.

साहेब उभे राहिले आणि तपासणीचा अहवाल वाचावा तशा आवाजात म्हणाले, "त्या दिवशी याच्या पिशवीत डबा आणि मुलाचा बूट एवढंच होतं. शिक्का माझ्या कपाटात होता. ठेवला मीच होता."

"हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं," वखारवाला म्हणाला. "तुम्हाला आज कळलं होय?"

फितुराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ही माफी आहे का?"

"मी माफी मागितलेली नाही."

"ते बरं केलंत. दिली नसती."

साहेब दारापाशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला. "थांबा. पिशवी दाखवा."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांना सुटकेस आठवली. ते परत फिरले आणि त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. फितुराने एकेक वस्तू बाहेर काढून मांडली: जादाचा चष्मा, बाईसाठी तयार केलेलं कंत्राट, डबा. डब्याचं झाकण काढून त्याने वास घेतला. शेवटी भिंग निघालं. ते त्याने डोळ्याशी धरलं आणि त्यातून साहेबांकडे पाहत राहिला, एखादी संशयास्पद नोंद पाहावी तसं, वरून खाली. मग सगळं पिशवीत परत टाकलं.

"काही नाही निघालं," तो म्हणाला. "जा."

ऑफिसात येऊन साहेबांनी आधी लॅपटॉप उघडून बाईला गाठलं. "बोललो मी. हवं तर विचारा त्याला."

"विचारलं," बाई म्हणाली. "सोमवारपासून येते. म्हणजे, बसते. कंत्राट पाठवा."

साहेबांनी पिशवीत हात घातला, आणि तो मनगटापर्यंत रश्श्यात बुडाला. डबा आडवा पडला होता. कंत्राटाच्या चारही पानांवर तेलाचे नकाशे उमटले होते.

"नवीन काढून उद्या पाठवतो," ते म्हणाले.

बहिणीने सुटकेस उघडली, वरचा स्वेटर काढून आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि भावाला हात पुसायला फडकं दिलं.

"अकरा वर्षं शिकवलं त्याला," साहेब बोटं पुसत धुसफुसले, "पण डबा उभा ठेवायची अक्कल आली नाही."