साठच्या पुढची थरथर

सेकंड हॅन्ड गाडी सासुरवाडीहून घेऊ नये. ती बिघडली की भांडण गॅरेजमध्ये होत नाही, स्वयंपाकघरात होतं.

आमची गाडी अभनपुरच्या दादांची, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या मोठ्या भावाची. घेण्याआधी मी ती चालवून पाहिली तेव्हा लोण्यासारखी पळाली. आमच्या ताब्यात आली आणि साठच्या पुढे काटा गेला की थरथरायला लागली. चष्मा नाकावरून घसरायचा. शेजारी बसलेली सुनंदा गाणं गुणगुणायला लागली की आपोआप ताना निघायच्या!

मधल्या काळात एकच गोष्ट घडली होती. आईनं वर्ध्याहून लाल दोरा गुंडाळलेली घोड्याची नाल पाठवली होती. नजर लागू नये म्हणून ती गाडीला बांधायचीच, असा फोनवर हुकूम होता. लोक बंपरला बांधतात. पण शेजारच्या साहूभैयांनी मोटरसायकलला लिंबू-मिरची बांधली तेव्हा मीच त्यांना चहा संपेपर्यंत विज्ञान शिकवलं होतं. आता मी कुठल्या तोंडानं नाल मिरवणार? मी गुपचूप मागच्या चाकाची कॅप काढली, नाल तारेनं आत करकचून बांधली आणि कॅप पुन्हा ठोकून बसवली. आईचं मन राहिलं आणि माझं विज्ञानही.

उरला इंडस्ट्रियल एरियातल्या मेकॅनिकनं आधी चाकं बघू म्हटलं. मी त्याला चाकांना हात लावू दिला नाही (कॅप निघाली असती ना). चाकं उत्तम आहेत, इंजिन खोला, असं मी साहेबी आवाजात सांगितलं. त्यानं खोललं, पुसलं, बंद केलं. थरथर जागच्या जागी. नालेवर संशय घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. ती शुभ वस्तू होती!

मग संशय उरला फक्त दादांवर. मी त्यांना फोन लावला आणि घरच्या माणसाला असा माल देतात का, हेच तुमचं प्रेम का, असं बरंच बोललो. दादा फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन येणं बंद झालं. दिवाळी जवळ आली तशी सुनंदा माझ्याशी मोजकंच बोलायला लागली. दादा भाऊबीजेला आले नाहीत तर काय, हे ती मला विचारत नव्हती. ताटातली निरांजनं मात्र पुन्हा पुन्हा घासत होती.

भाऊबीजेला दादा सकाळीच आले, हातात जॅक आणि पाना घेऊन. सुनंदानं पाट मांडला होता. ते बसले नाहीत.

"दगाबाज भाऊ म्हणून मी पाटावर बसत नाई. आधी गाडी पाहू, मंग ओवाळ."

साहूभैया मिठाईचा डबा घेऊन आले होते, तेही अंगणात थांबले. चाकं ठीक आहेत, असं मी दादांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगेपर्यंत मागची कॅप त्यांच्या हातात होती. लाल दोऱ्यासकट नाल ऊन खात होती. दादांनी ती सोडवली, कपाळाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, हे कंपनीनं लावलं का?"

"आईनं देल्ली होती."

"मंग बंपरले काहून नाई बांधली?"

"लोक पाहतात ना, दादा."

साहूभैया हळूच म्हणाले, "भैया, ये तो बाहर बाँधते हैं।" त्यांच्या मोटरसायकलवरची लिंबू-मिरची वाऱ्यावर मजेत हलत होती. मला त्या जॅकखाली जाऊन झोपावंसं वाटलं.

दादांनी मला शेजारी बसवून रिंग रोडवर गाडी ऐंशीवर नेली. चाकाच्या एका बाजूचं वजन गेलं होतं; चष्मा हलला नाही. मी माफी मागितली, तीही चाचरत. ते समोर बघत म्हणाले, "जाऊ द्या, पन सुनंदा रडली हो तुमच्यापायी."

घरी दादा पाटावर बसले. सुनंदानं ओवाळलं. ताटात त्यांनी साडी ठेवली आणि वर ती नाल. संध्याकाळी सुनंदानं नाल दारावर ठोकली. माहेरच्या माणसांना नजर लागू नये म्हणून, असं म्हणाली. कोणाची, ते तिनं सांगितलं नाही.

विज्ञानवाल्याच्या दारावर नाल कशी, असं आता सगळी कॉलनी विचारते. मी सांगतो, गाडीचा स्पेअर पार्ट आहे.