मुलाण्याची सुरी

जुन्नर तालुक्यात मढच्या बाजूला असलेल्या एका गावात जत्रेचा बोकड कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मुलाण्याचा. त्याची सुरी फिरल्याशिवाय देवीच्या निवदाचं मटण कुणी चुलीवर चढवत नसे. त्र्याण्णव साली मुंबईत दंगल पेटली आणि त्याच वर्षी मोहरमला सरपंच भिमाजीने गुलाब मुलाण्याच्या घरचा ताबूत बंद पाडला. तोवर त्याला अर्धं गाव खांदा देत आलं होतं. गुलाबने तेव्हाच डूख धरला.

पुढे जुन्नरला सलोख्याची बैठक भरली. भिमाजीने फोटोसाठी गुलाबला मिठी मारली. "ह्यो आमचा भाऊच हाय!"

"मग औंदा ताबूत निघू द्या," गुलाब म्हणाला.

"त्यो इषय आज नगं," म्हणत भिमाजी हसून फोटोवाल्याकडे वळला.

चैत्रात जत्रा आली. देवळापुढं साठ बोकड बांधलेले, घरोघरी पावणे उतरलेले, मसाले वाटून तयार. गुलाब मात्र आपल्या ओट्यावर बसून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा, सुरीला धार लावत होता. दुपार कलली तसा भिमाजी घामाघूम होऊन आला.

"गुलाबभाऊ, पावणं उपाशी बसल्यात. चल की राव, गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय."

गुलाबने अंगठ्यावर धार पाहिली, सुरी फडक्यात गुंडाळली आणि गोड हसला.

"सरपंच, त्यो इषय आज नगं."